मी तर पीतच नाही

आमच्याकडे सणासुदीला कुणाकडं जेवायला जायचं ठरलं की रात्री गाडी कोण आणणार हा प्रश्न कधी पडतच नाही, कारण मी पीत नाही. विषय संपला. नवरा निवांत, दादा निवांत, आणि मी पण इतकी वर्षं निवांतच होते खरं तर, उलट थोडा माजच होता म्हणा ना, की बाकीच्यांनी काय घालायचा तो गोंधळ घालू दे, आपली गाडी सेफ हातात आहे.

तर त्या माजाची गोष्ट सांगते.

मावशीकडून निघायला रात्रीचा एक वाजला. निघतो निघतो म्हणत पाऊण तास तर दारातच गेला, चपलांच्या ढिगात मुलीची एक चप्पल सापडेना, नवरा जिन्यात उभा राहून अजून कुणाला तरी जोक सांगतोय, मावशी म्हणतेय अगं राहा की रात्री, गाद्या घालते, आणि मी आपलं ठरलेलं उत्तर, नको गं मावशी, तासाभराचा तर रस्ता, आणि मी कुठं काय घेतलंय. सासूबाई आणि मुलगी मागं बसल्या, पाच मिनिटांत दोघी गाढ. नवरा शेजारी, त्यानं सीट मागं केली आणि दहाव्या मिनिटाला त्याचं घोरणं सुरू. रस्ता रिकामा, सरळ, गुळगुळीत. हीटर मंद चालू. मला वाटलं किती मस्त, ट्रॅफिक नाही काही नाही.

त्यानंतर मला आठवतंय ते एकदम घर्रर्रर्र असा आवाज आणि हातात स्टेअरिंग थरथरतंय. डावीकडची चाकं रस्त्याच्या कडेच्या त्या खडबडीत पट्टीवर गेलेली. मी गचकन आत घेतली गाडी, नवरा जागा होऊन म्हणाला काय झालं, मी म्हणाले काही नाही खड्डा होता. खोटं बोलले. खड्डा बिड्डा काही नव्हता, मी झोपले होते. डोळे मिटलेले आठवत नाहीत, पेंग आलेली आठवत नाही, मधला एक तुकडा सरळ कापून टाकल्यासारखा गायब होता.

नंतर घरी येऊन, झोप तर उडालीच होती, मोबाइलवर हिशोब केला. ताशी ८० ने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. चार सेकंद डुलकी लागली असेल तर झाले जवळजवळ ९० मीटर, चार माणसं भरलेली गाडी आणि चालवायला कुणीच नाही. ती पट्टी तिथं नसती तर मी हे टाइप करत नसते कदाचित.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला तर मी काहीच 'चूक' केली नव्हती याचा. दारू नाही, मोबाइल नाही, सीटबेल्ट लावलेला, स्पीड पण काही फार नाही. मग वाचायला लागले आणि एक जुना अभ्यास सापडला, १९९७ साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात डॉसन आणि रीड या दोघा संशोधकांनी छापलेला, ऑस्ट्रेलियातला. त्यांनी काय केलं, माणसांना एकदा जागं ठेवलं आणि एकदा दारू पाजली आणि दोन्ही वेळा हात-डोळ्यांच्या समन्वयाची तीच टेस्ट घेतली. सलग १७ तास जागा असलेला माणूस त्या टेस्टमध्ये ०.०५ टक्के दारू रक्तात असलेल्या माणसाइतकाच ढ निघाला. २४ तास जागा असलेला साधारण ०.१० टक्केवाल्याइतका.

०.०५ म्हणजे १०० मिली रक्तात ५० मिलिग्रॅम. भारतात कायद्याची मर्यादा ३० आहे, स्वीडनमध्ये २०, इंग्लंडमध्ये ८०, बऱ्याच देशांत ५०.

आता माझा दिवस मोजा. सणाचा दिवस, म्हणजे सकाळी साडेपाचला उठलेले. घरातलं सगळं आवरून, पाहुणे, फोन, तयारी, मुलीच्या कपड्यांची इस्त्री, मग आवरून मावशीकडं, तिथं पुन्हा हातभार. रात्री साडेदहालाच माझे सतरा तास भरले होते. एक वाजता मी स्टेअरिंगवर बसले तेव्हा साडेएकोणीस. म्हणजे मी पीत नाही हे खरंच, पण मी कोरी होते असं काही म्हणता येत नाही, मी फक्त वेगळ्या बाटलीतली घेतली होती. आणि गंमत बघा, घरात जी व्यक्ती पीत नाही तीच बहुतेक वेळा दिवसभर सगळ्यात जास्त राबलेली असते, आणि रात्री चावी तिच्याच हातात देतात. हे कुणाच्या डोक्यात येत नाही. माझ्याही कधी आलं नव्हतं.

त्यात वेळ पण वाईट. शरीराचं घड्याळ मध्यरात्रीनंतर झोपेकडंच ओढतं, दोन ते सहाच्या मध्ये सगळ्यात जास्त, तुम्ही दुपारी झोप काढलेली असो नाहीतर नसो. वर पोटभर जेवण, गाडीतली ऊब, शेजारी घोरणारा नवरा. इंजिनाची ती एकसुरी घरघर तर अंगाईच असते. अजून काय पाहिजे.

सगळे जे उपाय सांगतात ना, काच खाली करा, गाणी मोठ्यानं लावा, गालावर चापट्या मारा, हे मी सगळे केलेत पूर्वी आणि तेव्हा वाटायचं की काम होतंय. काही मिनिटं होतं, मग परत तेच. थोडं जे खरं काम करतं ते म्हणजे थांबणं. कडेला कुठंही नाही, उजेड असलेल्या, माणसं असलेल्या जागी, पेट्रोल पंपावर वगैरे. तिथं एक कॉफी प्यायची आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं सीट मागं करून झोपायचं. उलटं वाटतं ना, कॉफी पिऊन झोपायचं, पण कॉफी डोक्यापर्यंत पोचायला साधारण वीस-तीस मिनिटं लागतात, तेवढ्यात डुलकी होऊन जाते आणि उठता तेव्हा दोन्हीचा फायदा. अलार्म मात्र लावा, अर्ध्या तासाच्या वर झोपलात तर उठल्यावर डोकं जड होतं आणि काही वेळ आधीपेक्षा वाईट हालत असते. आणि हे पण उसनवारीचंच, तास-दीड तास ढकलता येतो, अख्खी रात्र नाही.

झोप येतेय हे कळायचं कसं, हा प्रश्न मला नवऱ्यानं विचारला, कारण त्याचं म्हणणं असं की झोप आली तर कळतंच की. नाही कळत. झोप लागताना माणसाला कळत नाही हीच तर झोप. पण त्याच्या आधीची लक्षणं कळतात. मागचा वळणाचा बोर्ड कुठला होता ते आठवत नाही, शेवटचे दोन-तीन किलोमीटर कसे गेले आठवत नाहीत, लेनमध्ये गाडी जरा इकडं जरा तिकडं व्हायला लागते, स्पीड आपोआप कमीजास्त होतो, जांभया एकामागून एक, पापण्या चुरचुरतात. यातली दोन जरी झाली की माझ्यापुरता नियम, पुढचा पंप आला की गाडी आत. आणि शेजारच्या सीटवरच्या माणसानं झोपायचं नाही, हा आमच्या घरात आता कायदाच आहे, झोपायचं असेल तर मागं बस, पुढं बसलास तर बडबड कर.

आता पिणाऱ्यांकडं येते, कारण ते सुटलेत असं वाटायला नको.

दादाचं कायमचं वाक्य, मला चढत नाही. अरे दादा, चढणं म्हणजे झोकांड्या खाणं नाही रे, त्याच्या कितीतरी आधी दारू पहिल्यांदा अंदाजावरच हात मारते. म्हणजे मी गाडी चालवू शकतो का हे ज्या डोक्यानं ठरवायचं तेच डोकं पहिलं गेलेलं असतं, आणि मग ते डोकं निकाल देतं की मी एकदम ओके आहे. आरोपीनंच जजच्या खुर्चीत बसायचं असा प्रकार.

आणि वेळेचा हिशोब तर कुणाचाच बरोबर नसतो. शेवटचा ग्लास संपला आणि निघालो, म्हणजे जे काय होतं ते झालं असं वाटतं. पण रक्तातली दारू सगळ्यात वर जाते ती शेवटच्या घोटानंतर अर्ध्या ते दीड तासानं, पोट भरलेलं असेल तर अजून उशिरा. म्हणजे दारात उभा असताना ठीक वाटणारा माणूस रस्त्यात मध्यावर पोचेपर्यंत जास्त चढलेला असू शकतो. उतरायचं तर त्याहून हळू. लिव्हर तासाला साधारण ०.०१५ टक्के एवढंच काम करतं, माणसामाणसात थोडा फरक, पण घाई कशानंच होत नाही. कोरी कॉफी, गार पाण्यानं अंघोळ, लिंबू, उलटी काढणं, पळून येणं, सगळं करून बघा, लिव्हरला काही फरक पडत नाही, ते आपलं सरकारी वेगानं फाइल पुढं सरकवत असतं. रात्री एकला ०.१२ असेल तर शून्य व्हायला सकाळचे नऊ. हे नऊ वाजताचं मी दादाला सांगितलं तेव्हा तो खरंच गप्प झाला, कारण सकाळी सातला उठून, तोंड धुऊन, आता सगळं उतरलं म्हणून बायकापोरांना घेऊन निघायची त्याची सवय.

श्वासातून पकडणारं यंत्र तोंडाच्या वासावर चालतं असं ज्यांना वाटतं आणि जे त्यासाठी पेपरमिंट चघळतात त्यांच्यासाठी: रॉबर्ट बोर्कनस्टाइन नावाच्या अमेरिकन माणसानं, जो इंडियाना राज्याच्या पोलिस लॅबमध्ये होता, १९५४ साली ते ब्रेथलायझर बनवलं, आणि ते मोजतं फुफ्फुसातून खोलवरून येणारी हवा. तिथली दारू थेट रक्तातून येते. पेपरमिंटनं फक्त पोलिसाला पेपरमिंटचा वास येतो.

बरं, मग करायचं काय. माझं म्हणणं एवढंच आहे की रात्री एक वाजता चपला शोधत असताना हा निर्णय घ्यायचाच नाही. त्या वेळी जो तो एकतर प्यायलेला नाहीतर थकलेला, शिवाय सगळे बघत असतात, राहतो म्हटलं तर ओशाळल्यासारखं होतं, आणि घरी आपल्या गादीवर झोपायची ओढ वेगळीच. त्या डोक्यानं घेतलेला निर्णय एकच असतो, चला निघू. म्हणून निर्णय संध्याकाळी सातला, घरातून निघतानाच. आज राहायचं की यायचं. यायचं तर किती वाजता, आणि जो आणणार तो दुपारी झोपला का, नसेल झोपला तर त्याला दुपारी कामातून सोडा, दार लावून झोपू दे, भांडी तुम्ही घासा. टॅक्सीनं यायचं तर गाडी न्यायचीच नाही, कारण गाडी दारात उभी असली की टॅक्सी मिळत नाहीये, जाऊ दे, आपलीच काढू, हे ठरलेलंच, आणि सणाच्या रात्री टॅक्सी मिळत नाहीच. राहायचं असेल तर टूथब्रश आणि मुलांचे कपडे सोबत घेऊनच जायचं. हसू नका, बॅग सोबत असली की राहायला लाज वाटत नाही, बॅग नसली की शंभर कारणं सुचतात.

यजमानांनाही सांगायचंय. राहा की, हे दारात उभं राहून एकदा म्हणायचं वाक्य नाही. ते आमंत्रणाच्या फोनमध्येच म्हणा. आणि पाहुणे निघाले की दर वीस मिनिटांनी पोचलात का पोचलात का असे फोन करू नका हो, माझी मावशी चार वेळा करते, तिचा जीव तुटतो मला कळतं, पण तो फोन वाजतो तेव्हा मी गाडी चालवत असते आणि रात्री दोनला मावशीचा फोन वाजला की आधी मनात येतं तिकडं कुणाला काही झालं का, आणि हात जातोच. फोन वापरत गाडी चालवणाऱ्याला अपघाताचा धोका साधारण चौपट, असं डब्ल्यूएचओ सांगतं. पोचल्यावर आम्हीच मेसेज करू. आता मी निघतानाच मोबाइल सायलेंट करून मुलीच्या पर्समध्ये टाकते, ती मागं झोपते, मोबाइल पण झोपतो.

गाडीबद्दल दोन-चार गोष्टी ज्या मला पंधरा वर्षं गाडी चालवून माहीत नव्हत्या. एक म्हणजे स्टेअरिंगच्या बाजूला खाली एक छोटं चाक असतं, त्यावर ०, १, २, ३ असे आकडे. मला वाटायचं हे एसीचं काहीतरी आहे. ते हेडलाइट वर-खाली करायचं आहे. सणाला आपण काय करतो, मागच्या सीटवर तीन माणसं, डिकीत बॅगा आणि डबे, गाडीचं बूड खाली बसतं आणि तोंड वर होतं, मग आपला डिप्पर, म्हणजे खाली पडणारा जवळचा लाइट सुद्धा समोरच्याच्या थेट डोळ्यात. तो बिचारा आपल्याला अप्पर, म्हणजे लांबचा झगझगीत लाइट, मारून शिव्या घालतो आणि आपण म्हणतो याला काय झालं. गाडी भरलेली असेल तर ते चाक २ किंवा ३ वर करायचं, एकटे असाल तर ०. काही गाड्यांत आपोआप होतं. दुसरी गोष्ट, आतल्या आरशाच्या खाली एक छोटी दांडी असते ती आपल्याकडं ओढली की मागच्या गाडीचा झगमगाट एकदम मंद होतो. तिसरी, समोरची काच बाहेरून सगळे पुसतात, आतून कुणी पुसत नाही, आतून एक तेलकट थर बसलेला असतो जो दिवसा दिसत नाही आणि रात्री समोरून लाइट आला की सगळी काच दुधाळ होते. निघायच्या आधी कोरड्या स्वच्छ फडक्यानं आतून पुसा, इतका फरक पडतो की वाटेल नवीन चष्मा लावला.

समोरून कुणी अप्पर मारत आलाच तर त्याच्याकडं बघायचं नाही, आपल्या बाजूच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीकडं बघत हळू व्हायचं. आणि बदला म्हणून आपणही अप्पर मारायचा नाही, त्यानं रस्त्यावर एकाऐवजी दोन आंधळे होतात, बाकी काही साध्य होत नाही. वय झालं की हा झगमगाट जास्त त्रास देतो, डोळा सावरायला वेळ लागतो. साठीतल्या माणसाला विशीतल्यापेक्षा साधारण तिप्पट उजेड लागतो दिसायला, त्यामुळं काका म्हणाले मी चालवतो, तुम्ही बसा निवांत, तर काकांचा मान ठेवून सुद्धा नाही म्हणायचं.

आता हेडलाइटचा एक हिशोब जो मला त्या रात्रीनंतर कळला आणि ज्यानं माझा स्पीड खरंच कमी झाला. डिप्परवर गडद कपडे घातलेला माणूस दिसतो तो साधारण ५० मीटरवर, कधी त्याहूनही जवळ आल्यावर. ताशी ८० ला, बघून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर तिथंच ३३ मीटर गेले, मग कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक लागून थांबायला आणखी ३५, एकूण ६८. म्हणजे माणूस दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, ब्रेक कितीही चांगले असोत. ६० ला हाच हिशोब २५ आणि २०, म्हणजे ४५. जेमतेम का होईना, थांबते गाडी. ओल्या रस्त्यावर तर विचारूच नका. आणि वाचतं किती, वीस किलोमीटर ६० नं गेलात तर वीस मिनिटं, ८० नं गेलात तर पंधरा. पाच मिनिटं. मावशीच्या दारात आपण पाऊण तास घालवलेला असतो.

रिकामा रस्ता हा फसवा असतो. आपल्याला जसा तो रिकामा वाटतो तसाच त्या दुसऱ्यालाही वाटत असतो जो सिग्नल तोडून आडव्या रस्त्यानं येतोय. सणाच्या रात्री हिरवा सिग्नल म्हणजे जा असं मी धरतच नाही, हिरवा म्हणजे दोन्हीकडं बघ आणि मग जा.

पायी चालणाऱ्यांचं कुणी बोलत नाही. मी प्यायलोय म्हणून चालत जातो, चांगला विचार आहे, पण अंधाऱ्या रस्त्यावर काळ्या शर्टात तोल जात चालणारा माणूस हा गाडीवाल्याला वरच्या हिशोबात बसतो, ४५ मीटर आणि ६८ मीटरच्या. सोबत कुणीतरी असू द्या, फूटपाथ नसेल तर समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूनं चाला, मोबाइलचा टॉर्च लावून पायाशी धरा.

टूव्हीलरवाल्यांना एकच, हेल्मेट कोपरात अडकवून जाणाऱ्यांचं कोपर फार सुरक्षित असतं. नीट घातलेल्या हेल्मेटनं मृत्यूचा धोका सहापटीहून जास्त कमी होतो असं डब्ल्यूएचओचंच म्हणणं आहे, आणि नीट म्हणजे पट्टा लावून, क्लिपचा टक असा आवाज आला पाहिजे. पट्टा न लावलेलं हेल्मेट डोक्याच्या आधी निघून जातं. माझ्या मावसभावाला हे सांगितलं तर म्हणाला ताई, केस बिघडतात. त्याच्या केसांबद्दल मी इथं काही लिहीत नाही, तो हे वाचतो.

मागच्या सीटवरचा बेल्ट. सासूबाईंना पटवायला मला एक वर्ष लागलं. त्यांना वाटायचं पुढं बसणाऱ्यांनीच लावायचा असतो, पोलिस पुढच्यांनाच पकडतात ना. मग मी त्यांना म्हणाले, आई, तुम्ही बेल्ट लावला नाही आणि गाडी कुठं धडकली तर तुम्ही मागून येऊन थेट तुमच्या मुलाच्या सीटवर आदळाल, त्याला तुमचंच वजन लागेल. त्या दिवसापासून लावतात. स्वतःसाठी नाही लावला, मुलासाठी लगेच. तीन टोकांचा हा जो बेल्ट आपण वापरतो तो निल्स बोहलिन या व्होल्वोच्या इंजिनिअरनं १९५९ मध्ये आणला आणि कंपनीनं त्याचं पेटंट बाकीच्या कंपन्यांना खुलं करून दिलं. एवढं फुकट दिलंय तर वापरायला काय हरकत आहे.

आणि मांडीवरचं मूल. रात्री मूल झोपलेलं असतं, उचलून आणतो, मांडीवरच राहू दे म्हणतो, उठेल बिचारं. ताशी ५० च्या गाडीनं धडकून एक दशांश सेकंदात थांबायचं म्हटलं तर प्रत्येक वस्तूचं वजन क्षणभर चौदापट झाल्यासारखं होतं. दहा किलोचं मूल म्हणजे १४० किलो. कुठली आई धरून ठेवणार आहे. आणि पुढच्या सीटवर मांडीवर असेल तर समोर एअरबॅग, जी डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते आणि मूल तिच्या आणि आपल्या मध्ये. मुलाची सीट लावायला रात्री एकला दोन मिनिटं लागतात आणि मूल रडतं. रडू दे.

गाडी बंद पडली तर, हे थोडक्यात सांगते. लेनमधून बाहेर काढा, चारही इंडिकेटर लावा, माणसांना गाडीत बसवून ठेवू नका, रस्त्याच्या बाहेर, कठडा असेल तर कठड्यापलीकडं उभं करा. तो लाल त्रिकोण डिकीत असतो, पन्नासएक मीटर मागं लावा, हायवेला अजून लांब. गाडीच्या मागं उभं राहून टायर बघत बसू नका, आपल्याच अंगानं आपले मागचे लाइट झाकले जातात.

हे सगळं लिहिताना जाणवतंय की मी लेक्चर देतेय, घरी पण तेच म्हणतात. जगात वर्षाला जवळजवळ बारा लाख माणसं रस्त्यावर जातात आणि ५ ते २९ वयात मरणाचं पहिल्या नंबरचं कारण हेच आहे, हे आकडे मी नवऱ्याला वाचून दाखवले तर तो हं म्हणाला आणि मॅच बघत राहिला. आकड्यानं काही होत नाही. त्याला जे लागलं ते म्हणजे मी एका संध्याकाळी शेवटी सांगून टाकलं की त्या रात्री खड्डा नव्हता. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग उठून आत झोपलेल्या मुलीला बघून आला.

या वेळी मावशीकडं गेलो ते बॅग घेऊनच. सात वाजता पोचलो, आत शिरल्या शिरल्या मी आमची चावी मावशीच्या हातात दिली, दादाला म्हणाले दे रे तुझी पण, त्यानं थोडी कुरकुर केली पण दिली, आणि मावशीला सांगितलं, कुणीही मागितली तरी सकाळी नऊच्या आत द्यायची नाही. तिनं हे इतकं मनावर घेतलं की विचारू नका. रात्री हॉलमध्ये आठ जणं आडवे, कुणाचे पाय कुणाच्या उशीवर, काकांचं घोरणं, मुलं दोनपर्यंत कुजबुजत होती, मला धड झोप लागली नाही पण निदान गादीवर लागली नाही.

सकाळी दादा सातलाच उठून तयार. चावी द्या. मावशी म्हणाली नऊला. नऊ वाजले तर तिला आठवेना कुठं ठेवली. कपाट झालं, देवघर झालं, स्वयंपाकघरातले सगळे डबे उघडून झाले, काका म्हणाले फ्रिजमध्ये बघा, फ्रिजमध्ये पण बघितलं. शेवटी दोन्ही चाव्या सुईदोऱ्याच्या डब्यात, रिळांच्या खाली सापडल्या. साडेदहा झाले होते.